पेनड्राइव्हमधला दीर

मला आवाज काढता येतात. माझे नाहीत, दुसऱ्यांचे. तालुक्याच्या कोर्टात पुकारा करणारा शिपाई, नाकात बोलणारे जुने कारकून, उलटतपासणीला घाबरलेला पंच, दर तारखेला 'तब्येत बरी न्हाई सायेब' म्हणणारा धडधाकट आरोपी, हे सगळे माझ्या घशात बिनभाड्याचे राहतात. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली चहाची टपरी आहे. दुपारच्या सुट्टीत मी तिथं पोचलो की कुणीतरी विचारतंच, "काय वकीलसाहेब, आज कोण?" मग मी सुरू होतो. हातातला चहा गार होतो, वर साय धरते, पण मला शुद्ध नसते. चार माणसं हसली की माझं पोट भरतं. बायको म्हणते, तुम्ही मयतीला गेलात तरी टाळ्या शोधाल. मी तिच्यावर रागावतो, कारण ते खरं आहे.

लिंबाखाली न हसणारा एकच माणूस होता. परभणीला लॉ कॉलेजात आम्ही एका बाकावर होतो आणि पुढं वकिलीही एकाच कोर्टात सुरू केली. मी कितीही रंगलो तरी तो बशीत चहा ओतायचा, फुंकर मारायचा आणि म्हणायचा, "हं." झालं. इतकी वर्षं मी त्या एका 'हं'च्या मागं लागलेलो होतो.

मध्यंतरी नवे कायदे आले, कोर्टात कॅमेरे आणि मोठा पडदा आला, दावे ऑनलाइन दाखल करायची पद्धत आली. जुनी मंडळी स्कॅनरकडं साप बघितल्यासारखं बघायची. मी मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी प्रशिक्षणाला जाऊन आलो आणि आल्याबरोबर लिंबाखाली व्याख्यान ठोकलं. फोनमधला पुरावा कोर्टात द्यायचा तर नुसता पेनड्राइव्ह देऊन भागत नाही, सोबत प्रमाणपत्र लागतं. त्यात फाईल कोणत्या फोनमधून आली, कशी काढली, हे शपथेवर सांगावं लागतं. शिवाय प्रत्येक फाईलचा एक ठसा द्यावा लागतो. त्याला हॅश म्हणतात. अक्षरं आणि आकड्यांची ती लांबच लांब माळ असते आणि फाईलमध्ये नंतर कुणी चिमूटभर जरी बदल केला तरी ती बदलते. "म्हणजे कागदाला अंगठा, तसा फाईलला हॅश!" असं मी हात उंचावून म्हणालो. एका ज्येष्ठांनी विचारलं, "अन् खोट्या कागदावर खरा अंगठा असला तर?" सगळे हसले, मीही हसलो. तो प्रश्न मी तेव्हाच घरी न्यायला हवा होता.

त्यानंतर माझं नाव 'सायबर वकील' पडलं. मला ते आवडायचं.

याच नावाच्या भरवशावर गेल्या हिवाळ्यात ती बाई माझ्याकडं आली. राणीसावरगावच्या बाजूच्या एका खेड्यातली. नवरा ट्रकवर, महिना महिना गुजरातेत. सासऱ्यानं मरण्याआधी अर्धी जमीन फिरस्त्या पोराच्या नावावर न करता सुनेच्या नावावर केली होती, कारण औत तिच्याच हातात होतं. उरलेली अर्धी धाकट्या दिराची. विहीर दोघांची, पण ती दिराच्या हिश्श्यात आणि मोटारीचा स्टार्टरही तिथंच. पाण्याची पाळी ठरलेली होती, एक आठवडा याचा, एक आठवडा तिचा. यंदा दिरानं स्टार्टरच्या पेटीला कुलूप लावलं आणि वर म्हणाला, पाळीबिळी कधीच नव्हती, वहिनीवर दया म्हणून पाणी देत होतो.

"दया!" बाई म्हणाली. "माझ्या सासऱ्यानं हीर खांदली तवा हा शेंबडा पोरगा काठावर बसून भाकर खायचा. आन् आता दया करायलाय."

मला ती तिथंच आवडली. बोलणं असं की वाक्यावाक्याला काटा. मी मनातल्या मनात तिचा आवाज चाखायला लागलो होतो. किंचित बसका, शेवटचा शब्द आपटून टाकायची सवय.

"पाळीचा काही पुरावा आहे का?" मी विचारलं.

तिनं पिशवीतून रुमाल काढला, रुमालातून फोन. दिराला लिहायचा कंटाळा. त्यामुळं पाळी बदलायच्या आदल्या दिवशी तो वहिनीला व्हॉइस मेसेज टाकायचा. दोन वर्षांचे मेसेज त्यात जसेच्या तसे होते. 'वहिनी, उद्यापासून तुमची पाळी हाय, पेटीची चावी वळचणीला ठिवलीय.' 'वहिनी, लाईट दुपारची हाय, पानी तुमचं हाय, मला मागून बोलू नका.' मागं कुठं शेळी ओरडतेय, कुठं त्याची बायको भांडी आपटतेय. मी खुर्चीतून उठलोच. "ताई, यानं तर स्वतःच्या तोंडानं केस हरलीय!"

"केसचं तुमी बघा," ती म्हणाली. "माझा गहू ओंबीत आलाय. त्याला पंधरवड्याच्या आत पानी पायजे."

एवढंच होतं सगळं. अंतिम निकालाची तिला घाई नव्हती. निकाल लागेपर्यंत पाळी चालू ठेवा, असा तात्पुरता हुकूम तिला पाहिजे होता, आणि तोही गहू उभा आहे तोवर.

ती म्हणाली, "फोनच घ्या की ठिवून, कोर्टाला दाखवा." मी हसलो. "ताई, आता जमाना बदललाय. तुमचा फोन तुमच्याजवळ ठेवा. मी सगळं पेनड्राइव्हवर घेतो." तिचे मेसेज मी तिच्या फोनवरून माझ्या फोनवर पुढं ढकलले आणि तिथून लॅपटॉपवर उतरवून घेतले. असं केलं की फाईलवरची मूळ तारीख जाते आणि कुणाकडून आली ते कळत नाही, हे प्रशिक्षणात ठळक अक्षरात सांगितलं होतं. मी त्या दिवशी वहीत शिक्षकांचं चित्र काढत होतो.

दिराच्या बाजूनं वकीलपत्र कुणी घातलं असेल? माझ्या 'हं'वाल्या मित्रानं. पहिल्याच तारखेला त्यानं उत्तराला मुदत मागितली. दिरांच्या वकिलांनी मुदत मागायची असतेच, मीही मागितली असती. पण बाई सकाळच्या एसटीनं उपाशी आली होती. पुढची तारीख ऐकून ती बाहेर व्हरांड्यात आली, भिंतीकडं तोंड केलं आणि पदर तोंडावर धरून उभी राहिली. खांदे हलत होते. आवाज अजिबात नव्हता. जरा वेळानं वळली, डोळे पुसले आणि म्हणाली, "जाऊ द्या. तुमी जेवलात का?"

त्याच दुपारी लिंबाखाली कुणीतरी म्हणालं, "काय वकीलसाहेब, आज कोण?"

मी दीर काढला. जमला, अगदी हुबेहूब जमला. जाड जीभ, प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरणं, सगळं आलं. मंडळी हसून लोळायची बाकी राहिली. एकजण म्हणाला, "हे रेकॉर्ड करा बरं, आपल्या ग्रुपवर टाका." मग काय, मी फोन तोंडाशी धरला. माझ्या दिरानं वहिनीपुढं शरणागती पत्करली. "वहिनी, चुकलं माझं! पानी तुमचं, हीर तुमची, मोटार तुमची, आन् मीबी तुमच्या दावणीचा बैलच समजा! रोज पेंड टाका वहिनी, पेंड!" हशा झाला. हशा झाला की मला थांबता येत नाही. मग मी तिलाही काढली. तो बसका आवाज, तो आपटलेला शेवटचा शब्द, आणि रडणं. मूळ रडण्याला आवाज नव्हता आणि त्यावर कुणी हसलं नसतं, म्हणून मी माझ्याकडचा घातला. "अवो वकीलसायेब, माझा गहू वाळायलाय वोऽऽ, आन् तुमी नुस्त्या तारखा खायलेत, वोऽऽ..." मधे हुंदके, शेवटी एक उचकी. उचकीवर तर टपरीवाल्यानं हातातली गाळणी खाली ठेवली.

क्लिप आमच्या वकिलांच्या ग्रुपवर गेली. हसरी तोंडं धडाधडा आली. आणि त्यात, मी डोळे चोळून पाहिलं, माझ्या मित्राचं! एकच हसरं तोंड, पण त्याचं! मी घरी गेलो तो विमानातून उतरल्यासारखा. जेवण झाल्यावर स्वतःला नीट ऐकावं म्हणून ती क्लिप लॅपटॉपवर उतरवली आणि मोठ्या स्पीकरवर लावली. बायकोनं आतून विचारलं, "कोण बाई रडायलीय?" याहून मोठं प्रशस्तिपत्र मला कोर्टानं कधी दिलेलं नाही.

पुढं काय झालं ते हुशार वाचकानं ओळखलंच असेल. लॅपटॉपवर उतरवलेल्या सगळ्या आवाजी फाईली एकाच जागी पडतात आणि त्यांची नावं जुळ्या भावंडांसारखी असतात. मी पुरावा तयार करायला बसलो, सगळ्या फाईली एकदम निवडल्या आणि पेनड्राइव्हवर टाकल्या. प्रत्येकीचा हॅश काढला. मधल्या दोनचार ऐकल्या, 'वा' म्हणालो. प्रमाणपत्रावर बाईची सही घेतली. खाली तज्ज्ञाचीही सही लागते, ती संगणकाचा क्लास चालवणाऱ्या ओळखीच्या माणसाची घेतली, त्यानं चहा पिता पिता केली. बाईनं विचारलं होतं, "यात काय लिवलंय?" मी म्हणालो, "हे सगळे आवाज तुमच्याच फोनमधले आहेत, एवढंच." "मंग खरंच हाय की," असं म्हणून तिनं अक्षर लावत सही केली.

एक प्रत रीतसर मित्राला दिली. तारखेच्या दिवशी सकाळी तो मला जिन्यावर भेटला. जरा थांबला. "तू त्या फाईली सगळ्या ऐकल्यास ना?"

"पाठ आहेत!" मी म्हणालो. "म्हणून दाखवू?"

"हं," तो म्हणाला आणि वर गेला. आता वाटतं, तो मला एक दार उघडून दाखवत होता.

कोर्टात न्यायाधीश मॅडम तरुण, बोलणं मोजकं. मी उभा राहून तंत्रज्ञानावर जे काही बोललो ते आठवलं तरी कान तापतात. हॅश म्हणजे काय हे मी न्यायालयाला, ज्यांना ते माझ्याहून बरं माहीत होतं त्यांना, हातवारे करून समजावलं. मग मित्र उठला. "मॅडम, वादीनं दाखल केलेलीच एक फाईल ऐकवायची परवानगी असावी."

मॅडमनी मान हलवली. भिंतीवरच्या पडद्याच्या स्पीकरमधून दीर बोलायला लागला. "वहिनी, चुकलं माझं..."

पहिल्या वाक्याला मला आनंदच झाला. खरं सांगतो, क्षणभर मला वाटलं, काय छान जमलंय! बैल आला, पेंड आली, मागच्या बाकावरचे वकील तोंडावर फाईल धरून हसायला लागले. मी घाईनं प्रमाणपत्रातली यादी चाळायला लागलो. आणि मग ती आली. "अवो वकीलसायेब, माझा गहू वाळायलाय वोऽऽ..." साऱ्या कोर्टात ते रडणं फिरलं. उचकीपर्यंत.

बाई दाराजवळ उभी होती. मी तिच्याकडं पाहिलं नाही.

"ही फाईल प्रमाणपत्रात आहे," मॅडम म्हणाल्या. "वादी पुढं या. ही सही तुमची?"

"माझीच हाय."

"हे सगळे आवाज तुमच्या फोनमधले आहेत असं तुम्ही शपथेवर लिहून दिलंय. हा आवाज तुमचा आहे?"

आता मी बोलायला हवं होतं. उभाच होतो. तोंडही उघडं होतं. ज्या घशात पन्नास माणसं राहतात त्यातून एकही बाहेर येईना. मला आत कुठंतरी वाटत होतं की ती काहीतरी सांभाळून घेईल. शपथेवर खोटं बोलल्याचा ठपका तिच्यावर येत होता आणि मी तिच्या उत्तराची वाट बघत होतो.

ती म्हणाली, "न्हाई मॅडम. मी असं रडत न्हाई."

कुणीच हसलं नाही. तेव्हा कुठं मी बोललो. "मॅडम, तो आवाज माझा आहे."

"कोणता?"

"दोन्ही."

मग जे व्हायचं ते झालं. माझ्या मित्रानं आपलं काम केलं आणि चोख केलं. तो म्हणाला, वादीच्या वकिलांना माझ्या अशिलाचा असा आवाज काढता येत असेल, तर बाकीचे मेसेज कशावरून त्यांनीच काढलेले नाहीत? फाईलींवर मूळ तारखा नाहीत, पाठवणाऱ्याचा नंबर नाही, सगळ्या वकिलांच्या लॅपटॉपवरून आलेल्या. हॅश बरोबर आहेत, पण ते लॅपटॉपवरच्या फाईलींचे आहेत. तो एक एक वाक्य बोलत होता आणि दोन वर्षांचं पाणी माझ्या डोळ्यांसमोर जमिनीत मुरत होतं. शेळ्या, भांडी, वळचणीची चावी, सगळं माझ्या एका उचकीत वाहून गेलं होतं.

मॅडमनी बाईला विचारलं, "मूळ फोन कुठं आहे?"

तिनं पिशवीतून रुमाल काढला. मीच तिला तो दर तारखेला आत ठेवायला लावला होता. फोन टेबलावर गेला, दिराच्या नंबराखाली एकामागं एक मेसेज, प्रत्येकावर तारीख. मॅडमनी त्यातला एक लावला. घसा खाकरला, शेळी ओरडली, "वहिनी, उद्यापासून तुमची पाळी हाय..."

"हेही ताडून बघावं लागेल," मित्र म्हणाला. "आवाज आम्ही मान्य करत नाही. तज्ज्ञांकडं पाठवावा." तज्ज्ञांकडं म्हणजे गहू कापणीपर्यंत, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.

आणि इथं दीर उठला. मागच्या बाकावर तो इतका वेळ लाल होऊन बसला होता. माझ्या क्लिपला कोर्ट हसलं होतं ते त्याच्या जिव्हारी लागलं होतं.

"मॅडम, एक बोलू का?"

मित्र वळला. "तुम्ही बसा हो."

"बसत न्हाई! कामून बसू? मला बैल करायलाय ह्यो वकील भर कोर्टात!" त्यानं माझ्याकडं बोट केलं. "मॅडम, ह्याच्या पेनड्राइव्हमधला मी न्हाई. मी काय असं गयावया बोलतो का? मी बोलतो ते हे, या फोनात हाय ते! हा माझा आवाज. ते ह्यानं केलेलं सोंग!"

मित्रानं डोळे मिटून घेतले. मॅडमनी शांतपणे विचारलं, "म्हणजे फोनमधला आवाज तुमचा?"

"माझा न्हाई तर कुणाचा? शेळीबी माझीच हाय!"

तेव्हा मात्र मॅडमच्याही ओठाचा कोपरा हलला. त्यांनी ते लिहून घेतलं. त्याच दुपारी हुकूम झाला: दावा संपेपर्यंत पाळी पूर्वीसारखीच चालेल, पेटीचं कुलूप काढावं. त्याच हुकुमात माझ्यासाठीही दोन ओळी होत्या. खोटं प्रमाणपत्र माझ्या बेफिकिरीनं दाखल झालं, वादीचा त्यात दोष नाही, आणि मी लेखी माफीनामा द्यावा. मी दिला. त्या ओळी इथं लिहीत नाही, पण त्या मला, माझ्याच शब्दांत सांगायचं तर, पाठ आहेत.

बाहेर आलो तो लिंबाकडं न जाता व्हरांड्यात वळलो. बाई व्हरांड्याच्या पायरीवर थांबली होती. मी काही बोलायच्या आत तिनं हुकुमाची प्रत घडी करून पिशवीत घातली.

"पानी भेटलं वकीलसायेब. ते झालं. आता मला सांगा, ते माझं रडणं कुठं कुठं गेलंय?"

"आमच्या ग्रुपवर फक्त, ताई. मी काढून टाकतो."

"आन् तिथून?"

तिथून कुठं गेलं ते कुणालाच सांगता येत नाही. तंत्रज्ञानाचा जाणकार म्हणून तिच्या एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर मला द्यायचं होतं आणि ते माझ्याजवळ नव्हतं.

"माझ्या गावात येऊ देऊ नका," ती म्हणाली. "मालक ट्रकवर हाय, त्याच्या फोनात जाऊ देऊ नका." आणि एसटीच्या वेळेला निघून गेली.

त्यानंतर कितीतरी दुपारी मी लिंबाखाली वेगळ्याच कामानं उभा राहिलो. एकेका वकिलाला गाठून, त्यांचा फोन हातात घेऊन, ती क्लिप काढून टाकायला लावली. कुणी म्हणायचं, "अहो, मी मेव्हण्याला पाठवली होती, विचारतो त्याला." कुणी म्हणायचं, "जाऊ द्या हो, लोक विसरले." मित्रानं आपला फोन पुढं केला. त्याच्या फोनात ती जपून ठेवलेली होती. "तुझी आजवरची सगळ्यात चांगली होती ती," तो म्हणाला. इतकी वर्षं मला जे ऐकायचं होतं ते असं ऐकायला मिळालं. मी त्याच्यासमोरच ती पुसली.

उन्हाळ्यात वालूरच्या एका नातेवाइकानं मला क्लिप पाठवली. 'ऐका, लय भारी हाय, पोट दुखेपर्यंत हसाल.' मी लावली नाही. पहिलं खाकरणं ऐकायची गरज नव्हती. त्यांना फोन केला, कुणाकडून आली विचारलं, त्यांनी आणखी एकाचं नाव सांगितलं. मी त्यालाही फोन केला. अजूनही असे फोन करतो.

बाईनं वकील बदलला नाही. का, ते मी विचारलेलं नाही. गहू झाला असं तिच्या गावच्या एका पक्षकाराकडून कळलं. सुरुवातीला ती मला लांबलचक व्हॉइस मेसेज टाकायची, दिराची, शेळ्यांची, लाईटवाल्यांची उणीदुणी काढत, प्रत्येक शेवटचा शब्द आपटत. हिवाळ्यानंतर तिचा आवाज माझ्या फोनात आलेला नाही. तारखेला येते, विचारलं तर 'हां' म्हणते किंवा मान हलवते. निरोप आता लिहून पाठवते. एकेक अक्षर शोधून लिहीत असणार, कारण ती लिहितेय असं पडद्यावर बराच वेळ दिसत राहतं आणि मग तीन शब्द येतात.

परवा आले. 'पुढची तारीख कधी.'

मी सवयीनं फोन तोंडाशी नेला, बटण दाबलं, "ताई," म्हणालो आणि थांबलो. मग ते पुसून टाकलं आणि तारीख टाइप करून पाठवली.